‘मला ते जमत नाही’ हे वाक्य खरं आहे का, ते तपासायचं कसं

ठाण्यात नाहीतर नवी मुंबईत कुठल्याही सोसायटीत चौकशी करा, लायसन्स आहे पण गाडी चालवत नाही अशी चार माणसं सहज सापडतील, त्यात बायका जास्त. लायसन्स रेशनकार्डाच्या फाईलमध्ये, गाडी खाली पार्किंगमध्ये कव्हर घालून, आणि विचारलं की एकच उत्तर, अगं मला नाही जमत गाडी. तसेच महापेच्या ऑफिसात सगळं येत असून मीटिंगमध्ये तोंड न उघडणारे, दहावीला गणितात मार्क कमी पडले म्हणून चाळिशीत पण बँकेचं व्याजाचं गणित नवऱ्यावर किंवा मुलावर सोडणारे, एकदा दुकानात पैसे बुडाले म्हणून ‘धंदा मराठी माणसाच्या रक्तातच नाही’ म्हणत बसलेले. प्रत्येकाच्या मागे एखादी खरी घडलेली गोष्ट असते, ती खोटी नसते, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र फार मोठा असतो.

मी ट्रेनिंगच्या कामात आहे, त्यामुळे असे लोक रोज भेटतात, आणि त्यांना ‘कॉन्फिडन्स ठेव रे’ म्हणणारे पण रोज भेटतात. त्याचा उपयोग शून्य. माझं म्हणणं साधं आहे, या वाक्याशी वाद घालायचा नाही, त्याची टेस्ट घ्यायची. ती कशी घ्यायची ते खाली सविस्तर लिहितोय. उदाहरण माझ्या मावसबहिणीचं घेतो, तिची परवानगी आहे, फक्त नाव टाकू नको म्हणाली. ती घणसोलीला राहते, गाडी शिकली, लायसन्स मिळालं, आणि पहिल्याच महिन्यात माजिवड्याच्या फ्लायओव्हरच्या चढावर गाडी बंद पडली, मागे घसरली आणि रिक्षाला टेकली. मागून हॉर्नचा कल्लोळ, रिक्षावाला ओरडतोय, आणि शेजारी बसलेले भावोजी त्याच्यापेक्षा जोरात. त्यानंतर काही वर्षं स्टिअरिंगला हात नाही.

आधी ते वाक्य पकडा

निवांत बसून ‘माझ्या मनात कोणते समज आहेत’ असा विचार केला की काहीतरी पुस्तकी सापडतं. हे वाक्य सापडतं ते काम टाळताना. मॅनेजरने विचारलं, कोण प्रेझेंट करणार, आणि तुम्ही लॅपटॉपमध्ये डोकं घातलं, त्या सेकंदाला मनात काय आलं? नवऱ्याने म्हटलं, आज तू घे गाडी, आणि तुम्ही म्हणालात, आज नको, उशीर होईल. ‘उशीर होईल’ हे वरचं कारण, त्याच्या खाली एक दुसरं वाक्य आहे. आठवडाभर जेव्हा जेव्हा असं काही टाळाल तेव्हा व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच मेसेज टाका, काय टाळलं आणि त्याआधी डोक्यात कोणतं वाक्य आलं, जसंच्या तसं, शुद्धलेखन गेलं उडत. आठवड्याच्या शेवटी वाचलंत तर दिसेल की दोन-तीनच वाक्यं कपडे बदलून परत परत येतायत.

त्यातलं एकच निवडा. सगळ्यात मोठं नको. ज्याच्यामुळे रोजच्या जगण्यात काहीतरी अडतंय ते.

मग ते कुठून आलं ते बघा, पण तिथे मुक्काम करू नका

एका पानावर लिहा: हे पहिल्यांदा कधी वाटलं, तेव्हा वय काय, समोर कोण होतं, तो माणूस नेमकं काय बोलला, आणि तेव्हा आजूबाजूला अजून काय चाललं होतं. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. बहिणीच्या पानावर आलं की त्या दिवशी लग्नाला उशीर झाला होता, साडी नेसून पहिल्यांदाच गाडी चालवत होती आणि चढावर हँडब्रेक लावून गाडी कशी उचलायची हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कोणी शिकवलंच नव्हतं. म्हणजे ‘मला गाडी जमत नाही’ हा निष्कर्ष एका चढावरून, एका साडीवरून आणि एका न शिकवलेल्या गोष्टीवरून काढलेला.

यावर मानसशास्त्रात एक गाजलेला प्रयोग आहे. १९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना विजेचे झटके दिले (आज वाचताना कसंतरीच होतं, पण असो). काही कुत्र्यांना झटका बंद करायची सोय होती, काहींना काहीही केलं तरी तो बंद करता येत नव्हता. नंतर सगळ्यांना अशा खोक्यात ठेवलं जिथे मधलं छोटं कुंपण ओलांडलं की सुटका. ज्यांना आधी सोय होती ते उडी मारून मोकळे झाले. ज्यांना नव्हती त्यातले बरेचसे तिथेच पडून राहिले, सुटका समोर असून. पुढचा भाग कमी लोकांना माहीत असतो. या कुत्र्यांना पलीकडे खाणं दाखवून बोलावलं तरी ते हलले नाहीत, शेवटी पट्ट्याला धरून ओढत पलीकडे नेलं, एकदा नाही, अनेकदा, आणि मग ते स्वतःहून जायला लागले. आणि २०१६ मध्ये याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनानंतर स्वतःचा सिद्धांत उलटा केला. त्यांचं म्हणणं असं की लांबलेल्या त्रासात गप्प पडून राहणं ही मूळ प्रतिक्रियाच आहे, ती शिकावी लागत नाही, शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्याने काहीतरी बदलतं’ हे.

आपल्या कामाचं यात इतकंच की भूतकाळ कितीही उकरला तरी ते शिकणं होत नाही, ते होतं कुंपण ओलांडल्यावर. म्हणून एक पान लिहा आणि पुढे चला. आईबाबांनी काय केलं, सर काय म्हणाले, यावर वर्षभर बोलत बसणारे मी बघितलेत, वाक्य तिथल्या तिथेच.

खरं किती, समज किती

ही पायरी कोणी सांगत नाही आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. ‘सगळं मनात असतं’ हे साफ खोटं आहे. पानाचे तीन भाग करा. एक, मला खरंच न येणारी गोष्ट. दोन, परिस्थितीचा अडथळा. तीन, उरलेला अंदाज.

मराठी मीडियमचा मुलगा म्हणतो, मला इंग्लिशमध्ये बोलता येत नाही. खरंच व्याकरण कच्चं असेल तर तो भाग एक, त्याला क्लास, सराव, वेळ लागेल, टेस्टबिस्ट काही नको. बॉस मुद्दाम बोलू देत नसेल किंवा जात, भाषा बघून बाजूला ठेवत असेल तर तो भाग दोन, तो तुमच्या डोक्यातला दोष नाही आणि तो स्वतःवर ओढून घेऊ नका. पण बऱ्याचदा मुलगा ईमेल नीट लिहितो, क्लायंटचं बोलणं सगळं समजतं, कलीगला चहाच्या टपरीवर मुद्दा अर्ध्या इंग्लिशमध्ये व्यवस्थित समजावतो, आणि तरी मीटिंगमध्ये गप्प, कारण फर्स्ट इयरला एकदा उच्चारावरून वर्ग हसला होता. हा भाग तीन. टेस्ट फक्त याची घ्यायची.

बहिणीचं भाग एक म्हणजे चढावरची हँडब्रेकची टेक्निक. त्यासाठी तिने आधी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत पुन्हा थोडे दिवस शिकून घेतलं, त्या गाडीत इन्स्ट्रक्टरच्या पायाखाली पण ब्रेक असतो. न येणारी गोष्ट न शिकता नुसतं धाडस केलं की परत तोंडावर आपटायचं आणि जुनं वाक्य आणखी घट्ट व्हायचं, मग म्हणायचं बघ मी सांगितलं होतं. गाडीच्या बाबतीत तर हे धोक्याचंच आहे.

आणि हो, आरशासमोर ‘मी करू शकते, मी बेस्ट आहे’ हा प्रकार. २००९ मध्ये जोआन वुड आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला, ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं त्यांना अशी वाक्यं म्हणून किंचित बरं वाटलं, पण ज्यांचं मत वाईट होतं त्यांना उलट आणखी वाईट वाटलं. ज्याला गरज नाही त्यालाच औषध लागू पडतं, अशातला प्रकार. म्हणून ते सोडून द्या.

वाक्याचा अंदाज करा, आकड्यासकट

‘मला जमत नाही’ हे तपासता येत नाही, कारण ते कशानेच खोटं ठरत नाही. त्याचं असं रूप करा की जे ठराविक दिवशी, ठराविक ठिकाणी घडेल किंवा घडणार नाही. बहिणीने वहीत लिहिलं: ‘रविवारी सकाळी साडेसहाला कोपरखैरण्याच्या सेक्टरमधल्या आतल्या रस्त्यांवर अर्धा तास गाडी चालवली तर किमान तीनदा गाडी बंद पडेल, कोणीतरी ओरडेल आणि मी गाडी मध्येच सोडून खाली उतरेन. खात्री १०० पैकी ८०.’ मीटिंगवाल्याने लिहावं: ‘सोमवारच्या कॉलमध्ये मी एक प्रश्न विचारला तर कोणीतरी हसेल किंवा मॅनेजर मला परत बोलायला लावेल.’ हसेल म्हणजे काय, आवाज येईल, की चेहऱ्यावर दिसेल? तेही लिहा. नंतर ‘मनातल्या मनात हसले असतील’ असली पळवाट ठेवायची नाही.

अंदाज आधी लिहायचा, नंतर नाही, यात तडजोड नको. आपलं डोकं आपल्या बाजूचा पुरावा शोधतं. १९६० मध्ये पीटर वेसन यांनी लोकांना २, ४, ६ हे आकडे दिले आणि सांगितलं, यामागे एक नियम आहे, तुम्ही तीन-तीन आकडे सुचवा, मी नियमात बसतात का ते सांगेन, आणि तुम्ही नियम ओळखा. लोकांनी ८, १०, १२ सुचवलं, २०, २२, २४ सुचवलं, दरवेळी ‘बसतं’ असं उत्तर आलं, आणि बऱ्याच जणांनी खात्रीने सांगितलं की दोन-दोनने वाढणारे आकडे. नियम होता फक्त चढते आकडे. १, २, ३ सुचवलं असतं तरी कळलं असतं, पण आपला समज मोडेल असं काही सुचवायला हातच जात नाही. गाडी न चालवणारी बाई रोज हेच करते, ती गाडी चालवत नाही, त्यामुळे कधी अपघात होत नाही, आणि त्यावरून तिला पटतं की न चालवणंच बरोबर होतं.

शिडी लावा

वहीत आठ-दहा प्रसंग लिहा, सोप्यापासून अवघडापर्यंत. बहिणीची शिडी साधारण अशी होती: पार्किंगमध्येच गाडी चालू करून पुढे-मागे, मग रविवार सकाळचे आतले रस्ते, मग तेच रस्ते संध्याकाळी, मग पामबीच रोड सकाळी लवकर (सरळ रस्ता आहे, पण लोक सुसाट असतात, त्यामुळे डावी लेन), मग ठाणे-बेलापूर रोडवर ऐरोलीपर्यंत सिग्नलसकट, मग ऑफिस सुटायच्या वेळेला तोच रस्ता, आणि सगळ्यात वर माजिवडा आणि घोडबंदर रोड, जिथे कंटेनर आणि ट्रेलरच्या मधून जायचं. प्रत्येक पायरी एकदा करून सोडायची नाही, अंदाज सलग चुकत गेला की मगच वरची. आणि पायरी अशी हवी की थोडी धडधड व्हायला हवी, काहीच वाटत नसेल तर तुम्ही टेस्ट घेत नाही आहात, फेरफटका मारताय.

आत्मविश्वास कुठून येतो याची अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये चार उगमांत मांडणी केली: स्वतः करून बघितलेलं, आपल्यासारख्याच कोणाला करताना बघितलेलं, कोणीतरी सांगितलेलं, आणि शरीराची अवस्था. पहिला सगळ्यात ताकदवान. दुसऱ्याचा फायदा घ्या, पण ‘आपल्यासारख्या’ माणसाला बघा. सोसायटीतल्या ज्या काकूंनी पन्नाशीत गाडी शिकली त्यांना शेजारी बसून बघणं हे रेसिंगचे व्हिडिओ बघण्यापेक्षा कितीतरी कामाचं. चौथ्याबद्दल सांभाळा: हात घामेजले, छाती धडधडली म्हणजे ‘बघ, जमत नाहीये’ असं नाही. त्याचा अर्थ फक्त इतकाच की शरीर जागं आहे.

अल्बर्ट एलिस, ज्यांनी पुढे विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धत, म्हणजे मनातले चुकीचे समज तपासून बदलायची पद्धत, काढली (आपल्याकडे ती रुजवली कि. मो. फडके यांनी), त्यांचा तरुणपणीचा किस्सा त्यांनीच सांगितलेला आहे. १९ वर्षांचे असताना मुलींशी बोलायची प्रचंड भीती. ठरवलं की न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या प्रत्येक बाईशी बोलायचं. १३० बायका भेटल्या, ३० उठून निघून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं, एकीने भेटायचं कबूल केलं आणि ती पण आली नाही. निकाल बघितला तर सपशेल नापास. पण भीती गेली, कारण जे होईल असं वाटत होतं, पोलिसांना बोलावणं वगैरे, त्यातलं काहीच झालं नाही. म्हणजे टेस्टमध्ये यश आलं का हे बघायचंच नाही, अंदाज खरा ठरला का तेवढं बघायचं. (किस्सा तेव्हाचा आणि तिथला आहे. उद्या ठाण्याच्या तलावपाळीवर जाऊन हा प्रयोग करू नका, अनोळखी बाईला त्रास होईल असं काही करणं म्हणजे टेस्ट नाही.)

कुबड्या काढा

इथे बहुतेकांची गाडी अडते. टेस्ट देतात, पण सोबत एखादी कुबडी ठेवतात, आणि मग सगळं श्रेय कुबडीला जातं. बहिणीच्या पहिल्या दोन-तीन रविवारी भावोजी शेजारी बसले होते आणि त्यांचा हात हँडब्रेकवर. काहीच झालं नाही, तर ती म्हणाली, ते होते म्हणून. बरोबरच आहे, ती टेस्ट भावोजींची झाली. इतर कुबड्या ओळखा: प्रश्न विचारताना ‘कदाचित मूर्खासारखा प्रश्न असेल पण’ अशी सुरुवात, कॅमेरा बंद, सगळं वाक्य आधी लिहून वाचून दाखवणं, मैत्रिणीला आधीच सांगून ठेवणं की मी अडकले तर तू बोल. सुरुवातीला एखादी असली तर हरकत नाही, पण शिडीत कुठल्या पायरीला ती जाणार ते आधीच लिहा. सीटबेल्ट आणि वेगाची मर्यादा या कुबड्या नाहीत, हे सांगायला लागू नये पण सांगतो.

झाल्या झाल्या लिहा

गाडी लावली की खाली उतरायच्या आधी वही. अंदाज काय होता, झालं काय, काय नवीन कळलं. तीन ओळी पुरे. घरी जाऊन चहा पिऊन लिहू म्हणाल तोवर डोक्याने निकाल फिरवलेला असतो. तरी पण ‘हो पण’ येणारच, हो पण रस्ता रिकामा होता, हो पण नशीब होतं, हो पण आज मॅनेजर चांगल्या मूडमध्ये होता. त्याच्याशी भांडू नका, त्यालाच पुढची टेस्ट करा. रस्ता रिकामा होता? मग पुढचा अंदाज भरलेल्या रस्त्याचा.

कधी अंदाज खरा पण ठरेल. एका संध्याकाळी रबाळ्याच्या सिग्नलला बहिणीची गाडी खरंच बंद पडली, मागचे ओरडले पण. वहीत तिने लिहिलं की गाडी बंद पडेल हे बरोबर आलं, ओरडतील हे बरोबर आलं, गाडी सोडून उतरेन हे चूक, परत स्टार्ट केली आणि गेले. माझ्या मते त्या दिवशी तिला जेवढं कळलं तेवढं सगळ्या सुरळीत रविवारांनी मिळून कळलं नसेल. म्हणून वाईट गेलेली टेस्ट फाडून टाकू नका, तिचेही तुकडे करून बघा कुठला भाग खरा आला आणि कुठला नाही.

जुनं वाक्य परत येतं, जागा बदलली की

भीतीवरच्या संशोधनातून एक गोष्ट पक्की दिसते, जुनी शिकवण पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी तयार होते. पाव्हलोव्ह यांच्या प्रयोगातल्या कुत्र्यांतही (घंटा वाजली की खाणं येणार म्हणून लाळ गळायची, ती) घंटेची सवय मोडल्यावर काही काळाने ती आपोआप थोडी परत यायची. शिवाय नवी शिकवण ज्या जागी झाली त्या जागेला चिकटून राहते. म्हणून कोपरखैरण्यात बिनधास्त चालवणारी बाई घोडबंदरला पहिल्यांदा गेली की परत हात कापतात, आणि वाटतं सगळी मेहनत पाण्यात. पाण्यात नाही गेली, नवी शिकवण अजून त्या रस्त्यावर पोचलेली नाही इतकंच. त्यामुळे मुद्दाम बदल करा: वेगळी वेळ, पाऊस, दुसरी गाडी, शेजारी दुसरं कोणी. मीटिंगवाल्याने एकाच टीममध्ये बोलून थांबू नये, दुसऱ्या टीमच्या कॉलला बोलावं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवर बोलावं (तिथे तर ओरडणारेच जास्त असतात, म्हणून उत्तम सराव).

मोठा खंड पडला तर शिडीच्या दोन पायऱ्या खालून सुरुवात करा.

घरच्यांचं काय

घरचे वाईट नसतात, पण त्यांच्या डोक्यात तुमचं जुनं चित्र असतं. ‘अगं तुला नाही जमणार, मी सोडतो ना’ हे प्रेमानेच म्हणतात. त्यांना भाषण देऊ नका, एक ठराविक काम सांगा. ‘शेजारी बसा, पण मी विचारेपर्यंत काही बोलायचं नाही’, एवढंच. पाळत नसतील तर त्यांना न घेता जा, अनुभवी मैत्रीण घ्या. आणि तुम्ही स्वतः आईबाप असाल तर मुलांसमोर ‘गणित आमच्या घराण्यातच नाही’ हे बोलणं आजपासून बंद.

हे एकट्याने कधी करू नये

मागचा अनुभव मारहाणीचा, अत्याचाराचा, जीवघेण्या अपघाताचा असेल, त्याची दृश्यं परत परत डोळ्यासमोर येत असतील, झोप उडाली असेल, कशातच रस उरला नसेल तर वही-शिडी स्वतःच्या स्वतः करू नका. स्वतःला संपवायचे विचार येत असतील तर आजच बोला, सरकारची टेलिमानस हेल्पलाईन १४४१६ आहे, फुकट आणि २४ तास, मराठीतही बोलता येतं. ठाण्यात मानसिक आरोग्यावर काम करणारी आयपीएच संस्था आहे, आणि प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी पण आहे, तिथे जायला लोक नावामुळे बिचकतात, पण ओपीडीत साध्या काळजीचे, झोपेचे पेशंट पण जातात.

काउन्सेलरकडे जाताना ही वही घेऊन जा, त्यांचं अर्धं काम झालेलं असतं. पहिल्याच भेटीत विचारा की दोन सेशनच्या मध्ये करायला काही देता का आणि पुढच्या वेळी त्यावर बोलतो का. नुसतं ऐकून घेऊन ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणत असतील तर दुसरे शोधा.